घाटाचा उतार आणि गाड्यांचे आकडे

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात लोणावळे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आज मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तिच्यामागे एक निमित्त आहे. आपल्या ज्ञातीतील वाहनमालक बंधूंनी संघापुढे असा ठराव ठेवला आहे की, ज्या चालकाची गाडी वर्षभरात एका लिटर डिझेलमध्ये सर्वांत अधिक किलोमीटर धावली असेल, त्यास दरवर्षी या मेळाव्यात संघातर्फे ढाल व रोख पारितोषिक देण्यात यावे. ठरावामागील हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. डिझेलचा खर्च हा या धंद्याच्या छातीवरचा धोंडा, आणि तो हलका करणाऱ्या माणसाचे कौतुक चारचौघांत व्हावे असे मालकास वाटले तर त्यात वावगे काय? तथापि हा ठराव आहे त्या स्वरूपात संमत होऊ नये असे माझे नम्र मत आहे. त्याची कारणे आपणांपुढे ठेवावीत म्हणून मी उभा आहे.

आरंभीच सांगतो की, मी वाहनशास्त्राचा जाणकार नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशा पत्करला आणि पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांतील मुलांना अंकगणित शिकविण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर पुतण्याच्या आग्रहावरून त्याच्या गाड्यांचे हिशेब पाहू लागलो. त्याच्या बसगाड्या तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांची ने-आण करतात, सुट्टीच्या दिवशी सहलीच्या खेपा होतात, आणि दोन मालमोटारी घाट उतरून पनवेलकडे जातात. पूर्वी हा हिशेब लाल कापडी बांधणीच्या चोपडीत असे. आता तो संगणकाच्या पडद्यावर असतो. दर सोमवारी सकाळी मी चष्मा पुसून त्या पडद्यापुढे बसतो. आमच्या सौभाग्यवती त्याला माझी 'सोमवारची पूजा' म्हणतात.

ज्या भगिनींच्या घरी हा व्यवसाय नाही, त्यांच्यासाठी या व्यवस्थेचे थोडक्यात वर्णन करतो. गाडीत एक लहानशी पेटी बसविलेली असते. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून गाडी कोठे आहे व किती वेगाने चालली आहे हे तिला समजते, आणि मोबाईलच्या जाळ्यातून ती ही माहिती मालकाच्या संगणकाकडे धाडते. काही पेट्या इंजिनाशी जोडलेल्या असतात. त्या इंजिनाचे फेरे व डिझेलचा खप हेही सांगतात. केंद्र शासनाने २०१६ साली नियम केला आणि १ जानेवारी २०१९ पासून, रिक्षासारखी लहान वाहने वगळता, नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत असे ठावठिकाणा दाखविणारे यंत्र व संकटसमयी दाबण्याची कळ आवश्यक झाली. या साऱ्या माहितीची जुळणी करणाऱ्या संगणकीय व्यवस्थेस 'फ्लीट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर' असे लांबलचक नाव आहे. आपण तिला ताफ्याची चोपडी म्हणू या. तिच्यात गाडीगणिक रकाने असतात: किलोमीटर, लिटर, सरासरी, कमाल वेग, वेगमर्यादा किती वेळा ओलांडली, करकचून ब्रेक किती वेळा दाबला, गाडी उभी असताना इंजिन किती मिनिटे चालू राहिले.

डिझेलच्या सरासरीवरून चालकाची पारख करण्याची रीत मात्र संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान एस. टी.ची पहिली गाडी धावली, आणि पुढे आगारा-आगारांतून दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर हा हिशेब रुळला. त्यास 'केपीटीएल' म्हणतात. आपल्या तळेगाव आगारातील कोणत्याही जुन्या चालकास विचारा, हा चार अक्षरी शब्द त्याने किती वेळा ऐकला असेल! एका लिटरऐवजी दहा लिटर घेण्यात शहाणपण आहे. ४.२ आणि ४.३ यांतील फरक डोळ्यांत भरत नाही. ४२ आणि ४३ म्हटले की भरतो.

आता अंकगणिताचा एक लहानसा प्रश्न घालतो. समोर बसलेल्या मुलांनी तो मनाशी सोडवावा. समजा, एक गाडी खोपोलीहून लोणावळ्यास पंधरा किलोमीटर चढून येते, तेव्हा तिला लिटरला अडीच किलोमीटर पडतात. उतरताना त्याच पंधरा किलोमीटरांना लिटरला पंधरा पडतात. तर जाण्यायेण्याची सरासरी किती? दहापैकी आठ माणसे अडीच आणि पंधरा यांची बेरीज करून दोनाने भागतात व पावणेनऊ असे उत्तर देतात. उत्तर चूक आहे. चढताना सहा लिटर लागले, उतरताना एक. तीस किलोमीटरांना सात लिटर, म्हणजे लिटरला सव्वाचारहून किंचित अधिक. सरासऱ्यांची सरासरी काढावयाची नसते, हे मी चौथी-पाचवीच्या मुलांना खडूने लिहून शिकविले. आणि आज सुशिक्षित मालक महिनाअखेर चार खेपांच्या चार सरासऱ्या मांडून त्यांना चाराने भागतात व चालकाशी वाद घालतात. एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर, एवढेच दोन आकडे धरावेत. लिटर मोजताना टाकी काठोकाठ भरावी, पुढील वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी, आणि मधल्या किलोमीटरांस दुसऱ्या पावतीवरील लिटरांनी भागावे. याहून खात्रीची रीत अद्याप कोणत्याही पडद्याने मला दाखविलेली नाही.

याच उदाहरणातून दुसरी गोष्ट निघते. ज्याच्या वाट्याला घाट आला त्याची सरासरी कमी, ज्याच्या वाट्याला वडगाव-तळेगावचा सपाट रस्ता आला त्याची अधिक. यात चालकाचे कौशल्य कोठे आले? शनिवार-रविवारी लोणावळ्यात, विशेषतः आषाढ-श्रावणात, भुशी धरणाकडे जाणाऱ्या मंडळींची जी दाटी होते ती आपण सारे भोगतो. त्या कोंडीत दोन तास पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने सरकलेल्या बसची सरासरी घसरली, तर दोष चालकाचा की आपल्या गावाच्या लौकिकाचा? गाडी भरलेली की रिकामी, वातानुकूलन चालू की बंद, टायरमध्ये हवा पुरेशी की कमी, ही सारी माहिती त्या एका आकड्याच्या पोटात दडलेली असते. तेव्हा तुलना करावयाचीच तर तोच मार्ग, तेच ओझे, तोच हंगाम घेऊन करावी.

हे झाले न्याय-अन्यायाचे. माझा खरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि त्याचा संबंध आपल्या दारातल्या बोरघाटाशी आहे.

सरासरी वाढविण्याचा एक सोपा मार्ग चालकवर्गात पिढ्यानपिढ्या तोंडोतोंडी चालत आला आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करावयाची. कोणी त्याहून धाडसी असला तर इंजिनच बंद करावयाचे. गाडी आपल्या वजनाने धावते, डिझेल वाचते, असा समज. महामार्ग पोलीस व परिवहन खात्याचे अधिकारी या सवयीविरुद्ध किती वर्षे कंठशोष करीत आहेत! २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने उतारावर अनेक गाड्यांना ठोकरले, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते असे पोलिसांनी प्राथमिक चौकशीअंती सांगितले होते. ते ठिकाण घाटाच्या पायथ्याचे, भरवस्तीचे. बोरघाटात तर एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस दरी.

या समजाची थोडी झडती घेऊ. लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. खोपोली त्याहून सुमारे साडेपाचशे मीटर खाली. सोळा टन वजनाची भरलेली मालमोटार एवढी खाली उतरते, तेव्हा तिच्या वजनात साठलेली शक्ती कोठेतरी खर्ची पडलीच पाहिजे. हिशेब केला तर ती सुमारे अडीच लिटर डिझेल जाळल्यावर जेवढी उष्णता निघेल तेवढी भरते. तीतला काही वाटा वारा घेतो, काही टायर घेतात. उरलेला कोणी घ्यावयाचा? गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन तिला मागे ओढून धरते व तो भार सोसते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर अधिकच. गाडी न्यूट्रल असेल तर सारा भार चाकांतील ब्रेकच्या ड्रमांवर पडतो. ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते, पाय तळापर्यंत गेला तरी गाडी थांबत नाही. ज्याला वर्तमानपत्रे 'ब्रेक निकामी झाल्याने' असे लिहितात, त्यातील पुष्कळ ब्रेक लोणावळ्यात चांगले असतात. ते घाटात निकामी केले जातात. इंजिन बंद केलेले असेल तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो, आणि चार-सहा वेळा पाय दाबल्यावर साठवलेली हवा संपत येते. शिवाय स्टिअरिंग जड होते ते निराळेच.

आणि हा जीवघेणा खेळ करून वाचते काय? गाडी गिअरमध्ये असून चालकाने अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की, उतारावर चाकेच इंजिनाला फिरवितात, आणि आजची इंजिने त्या वेळी डिझेल घेणे बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावयाचे असते. म्हणून ते थोडे थोडे डिझेल पितच राहते. म्हणजे घाटात न्यूट्रल करणाराच अधिक डिझेल जाळतो! मंद उतारावर गाडी लांबवर घरंगळत नेण्यात काही थेंब वाचत असतील, नाही म्हणत नाही. बोरघाटाच्या उतारावर एक थेंबही वाचत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा पाठ होता. 

आता ठरावाकडे वळू. ढाल केवळ सरासरीवर दिली, तर संघाने आपल्या तरुणांस काय शिकविले? तो पोरगा म्हणेल, मागच्या वर्षी अमक्याला ढाल मिळाली, यंदा मला मिळाली पाहिजे. आणि पूर्वी जेथे अमृतांजन पूल होता त्या उतारावर त्याचा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे जाईल. त्याची समजूत खोटी आहे हे त्याला कोण सांगणार? त्याच्या मालकालाही तीच समजूत असते.

म्हणून चोपडीतील रकाने एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. डिझेलचा रकाना एकट्याने वाचू नये. त्याच्या शेजारी ब्रेकचा, वेगाचा आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा रकाना ठेवावा. इंजिनाशी जोडलेली पेटी असेल तर न्यूट्रलची चोरी लपत नाही: घाटात गाडीचा वेग ताशी पन्नास किलोमीटर, आणि इंजिनाचे फेरे मात्र नाक्यावर उभ्या असलेल्या गाडीइतके मंद, अशी जोडी दिसली की समजावे. हे शोधण्यास अभियंता लागत नाही. सातवीचा मुलगा ते दोन आकडे बोटाने दाखवील.

वेगाच्या रकान्यातही एक खोच आहे. पेटी विकणारा गृहस्थ धोक्याची घंटा सरसकट ताशी ८० किलोमीटरांवर लावून देतो व पैसे घेऊन जातो. सपाट द्रुतगती मार्गावर जड वाहनास ती मर्यादा ठीक आहे. घाटात मात्र मर्यादा पुष्कळ कमी असून ती रस्त्याकडेच्या फलकावर लिहिलेली असते. परिणामी घाटाच्या वळणावर सत्तर किलोमीटर वेगाने उतरलेला चालक पडद्यावर निर्दोष दिसतो! खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंतचा टापू नकाशावर आखून तेवढ्यापुरती निराळी मर्यादा लावण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती मागून घ्यावी. मागितल्यावाचून कोणी देत नाही.

आगगाडीचा घाट याच डोंगरातला. तो १८६३ साली वाहतुकीस खुला झाला आणि त्याचा सर्वांत तीव्र चढ सदतिसात एक आहे. कर्जतला गाडीस मागून जोडली जाणारी इंजिने आपण लहानपणापासून पाहत आलो, ती चढासाठी. उतारासाठी काय केले होते? ताबा सुटलेली गाडी मुख्य मार्ग सोडून चढणीच्या आडमार्गास लागावी व तेथे आपोआप थांबावी, असे 'कॅच सायडिंग' बांधले. बांधणाऱ्यांनी आधी गृहीत धरले की एखाद्या दिवशी ब्रेक दगा देणार, आणि मग पुढची रचना केली. शिवाय आजची नवी विद्युत इंजिने उतारावर गाडी रोखता रोखता वीज निर्माण करून तारेत परत सोडतात. काटकसर आणि सुरक्षितता तेथे एकाच कृतीने साधते. मोटारीस तशी परतफेड करता येत नाही. पण गिअरमध्ये उतरणे हा त्याच मार्गावरचा आपला गरिबाचा उपाय आहे.

आता चोपडीतील आकड्यांनी माणसावर कसा आळ येतो, तेही सांगतो. कारण आज या मंडपात मालकही बसले आहेत आणि चालकही, आणि पुष्कळ ठिकाणी ते एकमेकांचे मामा-भाचे, काका-पुतणे आहेत. आपल्याच नात्यातील एका तरुणावर डिझेलचोरीचा आरोप झाला होता. त्याची बस रात्री खंडाळ्यास मुक्कामी होती. सकाळी मालकाच्या मोबाईलवर संदेश आला की, टाकीतून रात्रीत बारा लिटर डिझेल कमी झाले. मालक संतापी, 'उद्यापासून येऊ नकोस' इथपर्यंत गोष्ट गेली. मुलाची आई माझ्याकडे आली. मी दोघांनाही बसवून घेतले आणि कागद-पेन्सिल मागविली.

बस उतारावर उभी केलेली होती. उतार विसात एक धरला आणि टाकी एक मीटर लांब, तर टाकीतल्या डिझेलच्या पातळीत दोन टोकांना पाच सेंटीमीटरांचा फरक पडतो. पातळी पाहणारा सेन्सर मध्यभागी नसून वरच्या टोकाशी बसविलेला असेल, तर त्याला पातळी अडीच सेंटीमीटर खाली गेलेली दिसते. दोनशे लिटरांची, अर्धा मीटर खोल टाकी असली तर प्रत्येक सेंटीमीटरास चार लिटर. म्हणजे दहा लिटर 'कमी'. शिवाय रात्री गारठा पडला. दोनशे लिटर डिझेल पंधरा अंशांनी थंड झाले तर आकुंचन पावून सुमारे अडीच लिटरांनी घटते. दहा आणि अडीच, साडेबारा! मी मालकास म्हटले, चोपडीचे पुढचे पान उघड. बस सकाळी सपाट रस्त्यास लागल्यावर डिझेलची रेषा पुन्हा वर गेलेली तेथे स्पष्ट दिसत होती, आणि त्या वेळेची पंपाची पावती नव्हती. डिझेल आकाशातून पडले काय? डिझेल घटले की घंटा वाजते, वाढले की वाजत नाही. म्हणून वर गेलेली रेषा कोणी पाहिलीच नाही. तो मुलगा आजही त्याच बसवर आहे. खरी चोरी होत नाही असे माझे म्हणणे नाही. परंतु ती ठरविताना गाडी सपाट जागी आणून, टाकी काठोकाठ भरून व पावती हाती घेऊन ठरवावी.

असाच प्रकार बोगद्यांचा. कामशेतच्या व घाटातल्या बोगद्यांत उपग्रहांचा संदेश पोहोचत नाही. बाहेर पडताच पेटी आपला ठिकाणा नव्याने शोधते, आणि एखादे वेळी मधले अंतर एका उडीत घेतल्यासारखे दाखवून वेगाचा भलताच आकडा फेकते. जुनी बस ताशी १४० किलोमीटर धावली, असे पडद्याने सांगितले तर हसावे आणि आधी बोगदा आठवावा.

मोठ्या आकड्यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे दगावली. त्याच वर्षी तो मार्ग मृत्युमुक्त करण्याची मोहीम सेव्हलाइफ फाउंडेशनने रस्ते विकास महामंडळ व पोलीस यांच्या साहाय्याने हाती घेतली. २०२० साली हा आकडा ६६ वर आला. आनंदाचीच गोष्ट, पण २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते, रस्ते कित्येक महिने ओस होते, हे विसरून शाबासकी वाटणे बरे नव्हे. त्याआधीच्या २०१९ सालचा आकडा ९२ होता. तो धरला तरी तीन वर्षांत मोठी घट झालीच होती, आणि मोहिमेचे श्रेय त्या आकड्यावर ठरवावे. २०२४ पासून या मार्गावर कॅमेऱ्यांची नवी व्यवस्था चालू झाली आहे. ती दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही काढते, त्यामुळे कॅमेऱ्यापुरता साळसूद होणारा सापडतो. सरासरीचा असा उपयोग मला मान्य आहे!

एक रकाना मात्र कोणत्याच चोपडीत नसतो, तो झोपेचा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसास आठ तास व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास असे बांधून दिले होते, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. आपल्यापैकी किती मालक हे पाळतात, हा प्रश्न मी येथे हात वर करून विचारीत नाही. मेळावा आनंदाचा आहे. परंतु गाडी केव्हा सुरू झाली व केव्हा थांबली हे पेटी मिनिटागणिक लिहून ठेवते. रात्रपाळीचे कामगार पहाटे सोडून तोच चालक सकाळी सहलीची मंडळी घेऊन मुंबईस निघाला, तर ते पडद्यावर स्वच्छ दिसते. मालक डिझेलचा रकाना रोज उघडतो, हा उघडीत नाही. हा रकाना घरातल्या भगिनींनी पाहावा अशी माझी विशेष विनंती आहे. नवरा वा मुलगा किती वाजता घरी आला हे त्यांना पडद्यावाचूनही ठाऊक असते, आणि मालक बहुधा दीर किंवा भाऊच असल्याने त्यास चार शब्द सुनावण्याचा अधिकारही त्यांना आहे.

तेव्हा ठरावास माझी उपसूचना अशी. ढाल द्यावी, अवश्य द्यावी. परंतु तुलना एकाच मार्गावरील व एकाच जातीच्या गाड्यांमध्ये व्हावी. सरासरी पंपाच्या पावत्यांवरून काढावी. घाटाच्या टापूत वर्षभरात ज्याने वेगमर्यादा मोडली वा गाडी न्यूट्रल केली असे आढळेल, तो स्पर्धेतून बाद व्हावा, मग त्याची सरासरी कितीही का असेना. आणि ज्या मालकाने चालकास कायद्याहून अधिक तास राबविले असेल, त्याची गाडी स्पर्धेत घेऊच नये. चालकाचा आकडा जाहीर करण्यापूर्वी तो त्याच्यासमोर ठेवून त्याचे म्हणणे ऐकावे. शेवटचे कलम काही मालकबंधूंस जाचक वाटेल, असा रंग मला समोर दिसत आहे. त्यांनी चर्चेच्या वेळी जरूर विरोध करावा. मी उत्तर देण्यास बसलोच आहे.

ज्यांना आपल्या गाड्यांचे आकडे कसे वाचावेत हे पाहावयाचे असेल, त्यांच्यासाठी पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी वडगावास आपल्या संघाच्या खोलीत बसेन. येताना मागील तीन महिन्यांचे कागद छापून आणावेत, पंपाच्या पावत्या आणाव्यात, आणि शक्य तर चालकास बरोबर आणावे. त्याच्यावाचून अर्धे आकडे उलगडत नाहीत. मोबाईल आणला तरी चालेल, पण अक्षर बारीक असते व माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत.